इतवारीच्या दोन मारबती आणि रंगांचें कोष्टक

१

देवतांच्या मूर्ति आणि चित्रें यांचें वर्णन लिहितांना रंगाचा अर्थ एका शब्दांत सांगून मोकळें होण्याची संवय आपल्या लेखनांत रूढ झाली आहे. पांढरा म्हणजे सत्त्व, तांबडा म्हणजे रज, काळा म्हणजे तम. पिवळा मंगलाचा, हिरवा समृद्धीचा, निळा अनंताचा, असें एक कोष्टक पुष्कळांच्या मनांत तयार असतें. सचित्र पोथी हातीं आली कीं पाहणारा चित्राकडे पाहण्यापूर्वीं ह्या कोष्टकाकडे वळतो, आणि मग सूचींत ‘मंगलसूचक पीत वर्ण’ किंवा ‘तमोगुणदर्शक कृष्ण वर्ण’ असे शेरे पडतात. हे शेरे एका सूचींतून दुसरींत जातात, तेथून ग्रंथांत शिरतात, आणि कांहीं काळानें त्यांनाच प्रमाण मानून एखाद्या अनामिक प्रतिमेची ओळख ठरविली जाते. म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच आधीं गृहीत धरलें जातें, आणि वाचकास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

ह्या कोष्टकाची परीक्षा घेण्यास ग्रंथालयापेक्षां एक रस्ता अधिक सोयीचा आहे, असें आम्हांस वाटतें. तो रस्ता नागपूरच्या इतवारींतला. तेथें वर्षांतून एक दिवस दोन रंग समोरासमोर येतात, आणि त्या दोघांचा शेवट सारखाच होतो.

२

इतवारी ही जुन्या नागपुरांतील मोठी पेठ. इतवारच्या बाजारावरून तिला हें नांव मिळालें. जवळच चितार ओळ आहे. गणपतीच्या व देवीच्या मूर्ति घडवून रंगविणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. श्रावणी अमावास्येस पोळा होतो, आणि दुसऱ्या दिवशीं, म्हणजे तान्ह्या पोळ्यास, मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत इतवारींतील नेहरू पुतळ्याच्या भागांतून निघते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारींतून येते; तिची व्यवस्था तऱ्हाणे तेली समाज पाहतो. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची, असें चालविणारी मंडळी सांगतात. दोन्ही प्रचंड स्त्रीप्रतिमा आहेत. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद व कापड, आणि सर्वांगावर एकच रंग. वाटेंत दोघींची गांठ पडते, हजारों लोक ती पाहण्यास जमतात, आणि रोगराई, खोकला, माशा-मुरकुटें, सगळी इडापीडा घेऊन निघून जा, अशी विनवणी ओरडून केली जाते. शेवटीं दोघींचेंहि दहन होतें.

त्यांच्या मागें बडगे असतात. हे पुरुषरूपी पुतळे असून महागाई, लांचलुचपत, त्या त्या वर्षाची एखादी सार्वजनिक पीडा त्यांच्या रूपानें मिरविली जाते. बडग्याला ठराविक रंग नाहीं. म्हणून तो कोण हें सांगण्यासाठीं त्याच्या अंगावर पाटी लावावी लागते. मारबतीची ओळख मात्र तिच्या रंगानेंच होते. लोक तिला नांवानें नव्हे, ‘काळी’ आणि ‘पिवळी’ म्हणूनच हांक मारतात. रंग हेंच जिचें नांव, अशी प्रतिमा आपल्याकडे फार नाहीं. कोष्टकाची परीक्षा येथें घ्यावी असें आम्ही म्हणतों, तें ह्यासाठीं.

आतां कोष्टक लावून पाहूं. काळी मारबत दुष्ट, पिवळी मारबत शुभ, असें तें सांगेल. आणि वर्तमानपत्रांतून दरवर्षीं बहुधा असेंच छापून येतें. लोकाचारांत ह्याला थोडा आधार आहे, हें नाकारतां येत नाहीं. पिवळीच्या दर्शनास मिरवणुकीपूर्वीं बायका मुलांना घेऊन येतात आणि तिला देवी मानून पूजा करतात. परंतु जी शुभ, जिची पूजा झाली, तिलाहि गांवाबाहेर नेऊन जाळावयाचें कां? कोष्टकापाशीं ह्याचें उत्तर नाहीं. पिवळा रंग मंगल असेल तर दहन चुकीचें, आणि दहन योग्य असेल तर मंगलाची व्याख्या चुकीची. दोहोंपैकीं एक सोडलें पाहिजे. आणि लोकांनीं दरवर्षीं आचरलेली गोष्ट सोडण्यापेक्षां आपण मागाहून बसविलेली व्याख्या सोडणें अधिक न्याय्य होय.

३

‘परंतु शास्त्र कोष्टकाच्या बाजूचें आहे’ असा पूर्वपक्ष येथें होईल. म्हणून शास्त्र काय म्हणतें तें पाहिलें पाहिजे.

विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांत मूळ रंगांची मोजदाद दोनदां आली आहे. सत्ताविसाव्या अध्यायांत श्वेत, रक्त, पीत, कृष्ण आणि हरित असे पांच रंग सांगितले आहेत. चित्रसूत्राच्या चाळिसाव्या अध्यायांत संख्या पांचच राहते, परंतु नांवें बदलतात. तेथें नीळ येते, हिरवा जातो, आणि एका शब्दाच्या अर्थाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. एकाच ग्रंथांत रंगांची गणतीहि एकरूप नाहीं. मग त्यांचे अर्थ एकरूप असतील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची?

भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रसांना रंग वांटून दिले आहेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोतवर्ण, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. ह्यांत भयानकाचा काळा तेवढा आपल्या कोष्टकाशीं जुळतो. ज्या निळ्यास आपण अनंताचें चिन्ह म्हणतों तो येथें बीभत्साकडे गेला आहे. पिवळा मंगलाकडे न जातां आश्चर्याकडे गेला आहे. आणि काळ्याच्या सख्ख्या शेजारचा श्याम शृंगाराला मिळाला आहे.

तंत्रग्रंथांत तिसरीच व्यवस्था आढळते. तेथें रंग कर्मावर ठरतो. शांतिकर्मास पांढरा, वशीकरणास तांबडा, स्तंभनास पिवळा, मारणास काळा. बगलामुखी देवीचें सर्व साहित्य, वस्त्र, फुलें, हळदीची माळ, पिवळें असतें, तें ती शत्रूची वाचा व गति रोखते म्हणून. हा पिवळा मंगलाष्टकांतला पिवळा नव्हे. जेजुरीच्या भंडाऱ्यांतही हळद आहे, नवरीच्या अंगालाही हळद आहे, आणि बगलामुखीच्या माळेंतही हळदच आहे. द्रव्य एक, रंग एक, परंतु कामें तीन.

काळ्याविषयीं तर महाराष्ट्रांत वाद होण्याचें कारणच नाहीं. पंढरीचा विठ्ठल काळा. नाशिकास एकाच रामाचीं काळाराम व गोराराम अशीं दोन देवळें आहेत. दोहोंच्या नांवांतील भेद मूर्तीच्या दगडावरून आला, रामाच्या स्वभावावरून नव्हे. देवीमाहात्म्यांत पार्वतीच्या शरीरकोशांतून कौशिकी बाहेर पडल्यावर मागें राहिलेली पार्वती काळी झाली आणि कालिका म्हणून प्रसिद्ध झाली. तेथें काळा रंग देवीला आला, दैत्याला नव्हे. भागवतांत भगवंताचे युगपरत्वें पांढरा, तांबडा, पिवळा असे वर्ण सांगून शेवटीं कृष्णवर्ण सांगितला आहे, तो खुद्द नंदाच्या घरीं नामकरणाच्या प्रसंगीं.

ह्यावरून शास्त्रें परस्परविरोधी आहेत असें मात्र म्हणूं नये. प्रत्येक शास्त्र आपल्या प्रयोजनापुरतें बोलतें. भरतापुढें रंगभूमि आहे, तांत्रिकापुढें कर्म आहे, चित्रकारापुढें भिंत व फलक आहे. नवग्रहांच्या पूजेंत शनीला काळें वस्त्र आणि गुरूला पिवळें, किंवा सर्वतोभद्र मंडलांत पांच रंगांच्या तांदुळांनीं भरलेलीं घरें, हीं सारीं त्या त्या विधींत अगदीं नेमकीं आहेत. दोष शास्त्रांत नाहीं. तीन शास्त्रांतून एकेक ओळ उचलून चौथें कोष्टक बनविणाऱ्यांत आहे.

४

काळी मारबत म्हणजे पूतना, अशी एक समजूत सांगितली जाते. कृष्णानें तिला मारल्यावर गोकुळच्या लोकांनीं तिचा देह गांवाबाहेर नेऊन जाळला, त्याचीच ही आठवण, असें म्हणतात. दहनाशीं ही कथा चांगली जुळते. परंतु पूतना काळी होती, हें कोठून आलें? भागवताच्या दशम स्कंधांतील सहाव्या अध्यायांत ती येतांना लक्ष्मीसारखी सुंदर दिसते. मेल्यानंतर तिचें खरें रूप प्रकट होतें. तेथें नांगराच्या दांड्यासारख्या दाढा, गिरिकंदरांसारख्या नाकपुड्या असें सविस्तर वर्णन असून रंगाचा एकच स्पष्ट उल्लेख आहे, तो तिच्या विस्कटलेल्या तांबूस केसांचा. त्याच अध्यायांत तिच्या जळणाऱ्या देहांतून अगरूचा सुगंध आला व तिला मातेची गति मिळाली असेंहि सांगितलें आहे. काळ्याला दुष्टतेचें चिन्ह मानणाऱ्याला हा अध्याय दोन्ही बाजूंनीं अडचणीचा आहे.

पूतनेचें एक रूप वैद्यकांतहि आहे, आणि तें ह्या प्रश्नाशीं अधिक निकटचें आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत मुलांना पीडा देणारे नऊ बालग्रह वर्णिले आहेत. त्यांत पूतना, अंधपूतना व शीतपूतना ह्या तिघी येतात. प्रत्येकीच्या चिकित्सेच्या अखेरीस तिची प्रार्थना आहे. पूतना तेथें मलिन, मळकीं वस्त्रें नेसलेली, ओसाड घरांत राहणारी आहे. अंधपूतना पिंगट वर्णाची आहे. आणि दोघींनाहि ‘देवी’ म्हणून हांक मारून मुलाचें रक्षण करण्याची विनंति केली आहे. जी पीडा देते तिलाच पीडा आवरण्यास सांगावयाचें, हा त्या प्रार्थनांचा गाभा आहे.

इतवारीची जोडी सुश्रुतावरून घेतली, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तसें म्हणणें म्हणजे कोष्टकवाल्यांचीच चूक उलट्या बाजूनें करणें होय. दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, पीडा देणारी व पीडा नेणारी एकच, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आणि तिच्यांत मळकट व पिंगट असे दोन्ही रंग शुभाशुभाचा भेद न करतां वावरले आहेत. विदर्भाच्या खेड्यांतून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे मारबत शिवेबाहेर घालविण्याची जी रीत आहे, तिचाहि गाभा हाच. घरांत सांचलेलें जें नको तें एका आकृतीवर लादावयाचें आणि तिला मानानें हद्दीपार पोंचवावयाचें. तिची पूजा होते, कारण ती आपलें काम करणार आहे. तिला जाळतात, कारण तिनें तें काम केलें आहे. रंग तिचें शील सांगत नाहीं. तिच्यावर सोंपविलेलें काम सांगतो.

५

आतांपर्यंतचा विचार केवळ विद्येचा होता. पुढचा प्रश्न एका माणसाच्या नांवाचा आहे.

नागपुरांत काळी मारबत ही भोसल्यांच्या बाकाबाईची प्रतिमा आहे, असें सर्रास सांगितलें जातें. त्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली, म्हणून लोकांनीं काळा पुतळा करून जाळला, अशी ही हकीकत आहे. कित्येक लेखांतून ती आतां इतिहास म्हणून छापली जाते, आणि तिच्या समर्थनार्थ पुतळ्याचा काळा रंग पुढें केला जातो.

बाकाबाई ह्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राणी. रघूजी १८१६ त वारले. पुढल्या वर्षीं नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब पदच्युत झाले, आणि १८१८ त तिसऱ्या रघूजींना दत्तक घेऊन गादीवर बसविण्यांत आलें. बालराजाचा व वाड्याचा संभाळ बाकाबाईंकडे आणि राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे, अशी व्यवस्था १८२६ पर्यंत चालली. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ त निपुत्रिक वारले व १८५४ त डलहौसीनें राज्य खालसा केलें. वाड्यांतील चीजवस्तु व जवाहीर विक्रीसाठीं हलविण्यांत येऊं लागलें, तेव्हां सामान हलविल्यास वाड्यालाच आग लावीन, असें ह्या वृद्ध राणीनें बजावलें होतें. ही गोष्ट जॉन विल्यम के ह्या इंग्रज इतिहासकारानेंच आपल्या १८५७ च्या इतिहासांत नमूद केली आहे. सामान हललें, आणि जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. जून १८५७ मध्यें नागपुरांतील घोडदळाच्या उठावाचा बेत फसला. त्या दिवसांत बाकाबाईंनीं आपलें वजन इंग्रजांच्या बाजूस टाकून आप्तांना शांत राहण्यास सांगितलें, असें इंग्रजी नोंदींवरून दिसतें. १८५८ त त्या वारल्या.

१८५७ तील त्यांच्या वर्तनाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. तो कागदपत्रांवरून करावा, आणि त्यांत १८५४ ची आगीची धमकीहि एका पारड्यांत टाकावी. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या निवाड्यांत पुतळ्याच्या रंगाला साक्षीदार म्हणून उभें करतां येत नाहीं. मारबत खेडोपाडीं आहे. ज्या गांवांनीं भोसल्यांचा वाडा कधीं पाहिला नाहीं त्यांनींहि ती घालविली आहे. काळीची परंपरा सांगतात त्या वर्षीं, म्हणजे १८८१ त, बाकाबाईंना जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं. त्यांच्यामुळें पुतळा काळा झाला, असें म्हणण्यापेक्षां काळ्या पुतळ्याला मागाहून त्यांचें नांव चिकटलें, हें अधिक संभवनीय दिसतें. आणि रंगावरूनच दोष सिद्ध होत असेल, तर चारच वर्षांनीं सुरू झालेली, तशीच मिरविलेली आणि तशीच जाळलेली पिवळी मारबत कोणाची अपराधी प्रतिमा म्हणावयाची?

लोकस्मृति निरुपयोगी आहे, असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. बाकाबाईंचें नांव काळ्या पुतळ्याला चिकटलें, ही स्वतःच इतिहासाची एक नोंद आहे. राज्य गेल्याचा व उठाव फसल्याचा सल नागपूरच्या मनांत किती खोल होता, हें तिच्यावरून कळतें. परंतु लोकांना काय वाटलें त्याचा तो पुरावा आहे. राणीनें काय केलें त्याचा नव्हे. हे दोन पुरावे एकमेकांच्या जागीं वापरले म्हणजे एका मृत स्त्रीवर न्यायालय न भरवतांच शिक्षा बजावली जाते, आणि ती शिक्षा दरवर्षीं ताजी होते.

६

हस्तलिखितें जमविणाऱ्यांना हा विचार दूरचा वाटूं नये. पोथीच्या पानावर हेंच सारें लहान प्रमाणांत दिसतें.

पोथींतला पिवळा म्हणजे बहुधा हरताळ. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावी, आणि वाळल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिही. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे. एखाद्या पानावरील ह्या पिवळ्या पट्ट्यांना ‘मंगलसूचक’ म्हणणाऱ्याची आपण गंमत करूं. कारण तेथें पिवळ्याचें काम पुसण्याचें आहे, हें आपणांस ठाऊक आहे. मग त्याच पोथीच्या पुढल्या पानावरील चित्रांत पिवळें दिसतांच आपण एकदम कोष्टकाकडे कां धांवतों? तेथेंहि हरतालच असेल. बाराव्या शतकांत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें मानसोल्लासांत शुद्ध रंग सांगतांना त्यांचीं द्रव्येंच पुढें केलीं आहेत. पिवळ्यास हरताल, काळ्यास काजळ, पांढऱ्यास शंख, तांबड्याच्या छटांस हिंगूळ, अळिता व गेरू. त्या राजास रंग म्हणजे आधीं वाटावयाचें द्रव्य होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुष्पिकेवर व दंडांवर लावलेला गेरूहि असाच. तो रजोगुण सांगत नाहीं. वाचणाऱ्यानें येथें थांबावें, एवढेंच सांगतो.

म्हणून सूची करणारांस आमची सूचना अशी आहे. प्रथम रंगाचें द्रव्य लिहावें. तें ओळखतां येत नसेल तर नुसती छटा लिहावी. नंतर तो कोठें लावला आहे तें लिहावें, म्हणजे अंगावर, वस्त्रावर, भूमीवर, अक्षरावर कीं समासांत. त्यानंतर ती प्रतिमा कोणत्या कामाची आहे, म्हणजे नित्यपूजेची, व्रताची, शांतीची, नाटकाची कीं विसर्जनाची, हें शक्य तेथें लिहावें. अर्थ सर्वांत शेवटीं आणि निराळ्या रकान्यांत द्यावा, म्हणजे पुढल्या अभ्यासकाला वर्णन ठेवून अर्थ टाकून देतां येईल. ही पद्धति कष्टाची आहे खरी. परंतु एकदां पडलेला चुकीचा शेरा खोडणें त्याहून कष्टाचें असतें. कारण छापलेल्या सूचीवर हरताळ लावतां येत नाहीं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं जो कोणी नागपुरांत असेल त्यानें इतवारींत जाऊन दोघींची गांठ पाहावी. काळी जवळून जातांना लोक जें मागणें मागतात तेंच पिवळी जवळून जातांना मागतात. तें ऐकून घरीं यावें, आणि मग आपल्या संग्रहाच्या सूचींतील रंगांचे शेरे पुन्हां एकदां वाचावे.